बांध कुणाचा

वरून "बाजू व्हा, बाजू" अशी हाळी आली तेव्हा मी भेंडीच्या वाफ्यात वाकले होते. मान वर करते तर सागाचा अख्खा सोट ओहोळातून खाली येतोय. पुढे बैलजोडी, तिला साखळीने बांधलेलं लाकूड, आणि बाजूने मुकादम बैलांच्या शेपट्या पिरगाळत धावतोय. ओहोळाचं पाणी अडवायला घातलेल्या आमच्या बांधावरून बैल उतरले. त्यांच्यामागून लाकूड आलं आणि म्हाताऱ्याचे दात निघावेत तसे बांधाचे दगड एकामागून एक निघाले. तुंबलेलं पाणी सुटलं ते थेट वाफ्यांत घुसलं. लाकूड दोन वाफे दामटून खालच्या गाडीवाटेला लागलं.

"अरं मुडद्या, डोळे फुटले का तुझे?"

"मला कशाला बोलतेस?" मुकादम लांबूनच म्हणाला. "शेठनी वाट इथूनच दावलीय. वर अजून लय लाकडं हायेत."

मी तशीच चिखलाच्या पायांनी खाली गेले. ठोंबरे शेठ गाडीवाटेवर ट्रकच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. आमच्या वरच्या अंगाला सागाचं सरकारी जंगल होतं. त्या साली सरकारने त्याची तोड काढली आणि लिलावात ती ठोंबऱ्याने घेतली. आमचा तुकडाही सरकारचाच, पण कसायला पट्ट्याने दिलेला. पट्टा माझ्या सासऱ्यांच्या नावावर, गोमा काथोड निरगुडा. झाडाच्या एका काटकीवर आमचा हक्क नाही, हे आम्हाला मान्यच होतं. पण पिकावर होता.

"शेठ, तुमच्या माणसांनी माझा बांध फोडला. भेंडी तुडवली. भरपाई द्यावी लागंल."

"कसली भरपाई? जागा काय तुझ्या बापाची आहे?"

"बापाची नाय, सरकारची हाय. पट्टा आमचा हाय. लाकूड नेताना पट्टेदाराचं नुकसान झालं तर ठेकेदारानं भरून द्यायचं, नायतर लाकूड नाक्याच्या बाहेर सुटायचं नाय. लिलावाच्या दिवशी वाचून दावलं तेव्हा तुम्ही मान हलवली व्हती. आमची निम्मी वाडी तिथंच बसली व्हती."

ठोंबरे हसला. "मान काय, मी देवळातपण हलवतो. जा, रेंजर साहेबांना सांग. ते बघतील नुकसान, मग बोलू."

त्याला वाटलं, ही बाई एवढ्या उन्हात रेंजच्या ऑफिसपर्यंत कशाला तंगडतोड करतेय. मी पाय पण धुतले नाहीत. तशीच निघाले.

वाटेत डोक्यात एकच होतं. लहाणू, माझा नवरा, दरवर्षी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचा. मीही जायचे, पोरं कडेवर घेऊन. भट्टीवर पोरं खोकायची, खोकून खोकून निळी पडायची, आणि मालक म्हणायचा, तुमच्या पोरांना सवयच नाही कामाची. त्या साली पहिल्यांदा मी पोरांना घेऊन वाडीत राहिले होते. लहाणू एकटा गेला. आमचं ठरलं होतं की बांधाच्या पाण्यावर भेंडी नीट निघाली आणि बाजारात चालली, तर पुढच्या दिवाळीपासून त्यानेही भट्टीचं तोंड बघायचं नाही. भेंडी नुकती धरायला लागली होती. आणि भेंडीला पाणी नसलं की ती चार दिवसांत मान टाकते.

रेंजर साहेब नवीन आले होते, नेर्लेकर नाव. माझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी, बसायलाही सांगितलं. मी बसले नाही, खुर्चीला चिखल लागला असता.

"उद्या सकाळी येतो," ते म्हणाले. "पंच घेऊन येतो, पंचनामा करू. तोवर एक करा. कशालाही हात लावू नका. फुटलंय तसंच राहू दे."

मला केवढा आनंद झाला. येताना पाय दुखत होते तेही कळलं नाही. दिवस कलला होता. वाडीच्या वरच्या वळणाला आले आणि खाली बघितलं तर बांधात पाणी उभं.

मला आधी वाटलं, डोळ्यांवर ऊन आलंय.

जवळ गेले. बांध बांधलेला. दगडावर दगड, सांध्यात चिखल, वरून गवताची ढेकळं थापलेली. मोडलेली भेंडी उपटून टाकलेली आणि वाफ्यांच्या सऱ्या पुन्हा ओढलेल्या. गोमामामा कडेला बसून हात धूत होते. सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो.

"मामा, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? बांध घातला."

"आणि मोडलेली झाडं?"

"शेरडांना घातली. फुकट कशाला टाकायची?"

आता हे आमच्या वाडीबाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. आमच्यात फुटका बांध तसाच टाकून कुणी भाकर खात नाही. स्वतःचा सोडा, दुसऱ्याचा फुटलेला दिसला तरी वाटेने जाणारा दोन दगड लावून पुढे जातो. पाणी वाहून चाललंय आणि माणूस बघत बसलाय, यापरतं पाप नाही अशी लहानपणापासूनची शिकवण. मामांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

माझा असा संताप झाला की जवळचं घमेलं उचलून आपटावं. मग त्यांची बोटं बघितली. सालटं निघालेली. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला चावणार?

"सायेबांनी सांगितलं व्हतं, कशाला हात लावू नका. उद्या नुकसान बघायला येतायत ते. काय दावू त्यांना?"

मामांनी ओले हात पुसले. मग म्हणाले, "पाणी वाहून जात व्हतं, पोरी."

"मला कळतंय."

"मग परत फोडू का?"

"नको. आपण फोडला तर आपणच खोटे. ठोंबरे तेच सांगंल, बाईनं रातच्याला बांध फोडला म्हणून."

ते बांधाकडे बघत राहिले. "माझ्या लग्नाच्या साली घातला ह्यो. दगड डोक्यावरनं आणले वरनं. तेव्हाचा गार्ड आला आन् म्हणाला, कुणाच्या हुकमानं घातला रे? म्हणलं, हुकूम कसला, पाणी अडवाय घातला. तर म्हणाला, सरकारी जागेत घातला ना, मग बांध पण सरकारीच. आन् निघून गेला. तवापासनं सगळे सायेब त्याला सरकारी बांधच म्हणत्यात. पण फुटला की सरकार काय येत नाय."

एवढं लांब ते क्वचितच बोलायचे. मी त्यांना घरी नेलं आणि भाकर वाढली.

सकाळी साहेब आले. बरोबर ठोंबरे, आणि पंच म्हणून आमच्या वाडीचे पोलीस पाटील आणि आणखी एकजण. पोलीस पाटलांचा मुलगा ठोंबऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यामुळे पाटील आल्यापासून पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभे होते.

साहेबांनी बांध बघितला, वाफे बघितले. माझ्याकडे बघितलं. "बांध तर उभा आहे, बाई."

"मी म्हणत होतो ना साहेब," ठोंबरे म्हणाला. "लाकडाची तोड आली की यांच्या भरपाया सुरू. उगाच तुमची खेप झाली."

मामा पुढे झाले. "सायेब, काल फुटला व्हता. मी बांधला. फुटला म्हणून बांधला."

"फुटला होता याला पुरावा काय, म्हातारबा? उद्या म्हणशील, ताजमहाल होता," ठोंबरे म्हणाला.

मुकादम वर बैलांजवळ उभा होता. तो आभाळाकडे बघायला लागला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, माझ्या डोळ्यांना दिसतं तेवढंच मला लिहिता येतं. ओहोळात लाकूड घासल्याच्या खुणा आहेत, पण ओहोळातून लाकूड न्यायला बंदी नाही. ऐकीव लिहिलं तर उद्या वरचे मलाच उभं करतील."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

ते लिहायची तयारी करतायत तेवढ्यात ठोंबरे माझ्या बाजूला सरकला आणि मुठीतली नोट पुढे केली. "घे, पोरांना खाऊ आण. विषय संपव."

मी मुद्दाम मोठ्याने बोलले. "शेठ, नुकसान झालंच नाय म्हणता, मग ह्यो खाऊ कशाचा?"

साहेबांनी मान वळवली. ठोंबऱ्याने मूठ खिशात घातली. चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्याकडेच असा बघायला लागला की जणू मीच त्याच्या खिशात हात घातला होता. आणि त्याच वेळी मला सुचलं. कुणी शिकवलं नव्हतं. राग आला की माझं डोकं चालतं, हे माझ्या आईलाही माहीत होतं.

"लिहा सायेब," मी म्हणाले. "लिहा, नुकसान झालं नाय."

मामा माझ्याकडे बघतच राहिले.

"आणि पुढं असं पण लिहा, की ह्या वाटेनं लाकूड नेलं तर बांधाला काय होत नाय."

साहेबांचा हात थांबला. "ते मी कसं लिहू? मी कुठे बघितलंय?"

"मग बघून लिहा. वर लाकडं पडलीत. शेठची वाट इथूनच हाय, काल त्यांच्याच माणसानं सांगितलं. आणा म्हणावं एक, आत्ता, तुमच्यासमोर."

"आत्ता नाही जमणार," ठोंबरे म्हणाला. "बैल चरायला सोडलेत."

बैल समोर जुंपलेले उभे होते. मुकादमाला हसू फुटलं, आणि शेठचं तोंड बघून त्याने ते गिळलं.

"आत्ता नाय तर दुपारी न्याल," मी म्हणाले. "सायेब वळणाआड गेले की न्याल. मग आत्ताच न्या की. नायतर सायबांसमोर लिहून द्या, ह्या वाटेनं यापुढं एकपण लाकूड न्यायचं नाय. वरच्या धारेनं न्या, तिथं गाडीवाट हाय."

धारेची, डोंगरमाथ्यावरची वाट चांगली होती पण डोंगराला वळसा घालून जायची. बैलांची भाडी दुप्पट झाली असती. आणि आमच्या खाली ओहोळाच्या कडेला आमच्याच वाडीतल्या बाकीच्या पट्टेदारांचे तुकडे होते. वरची सगळी लाकडं याच वाटेने उतरली असती तर त्यांच्यातही काही उरलं नसतं. ठोंबऱ्याची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. पण त्याची माणसं बघत होती आणि बाईसमोर माघार घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

"ओढतो," तो म्हणाला. "काय होतंय ते बघूच. ए, बारकं लाकूड घ्या रे. सावकाश. बांधापाशी आलं की चौघांनी उचलून पलीकडे ठेवा."

"बारकं नाय. कालच्याएवढं. आणि उचलून नाय, ओढून. काल कुणी उचललं नव्हतं."

"हिला काय अधिकार आहे मला सांगायचा?"

साहेबांनी वही मिटली. "बाई बरोबर बोलतायत. काल नेलं तसंच न्या. नाहीतर लिहून द्या."

मग ते माझ्याजवळ आले. "चांगुणाबाई, विचार करा. बांध फुटेल. राहिलेली भेंडी जाईल. ती तुमचीच आहे."

"फुटंल म्हणता?"

"फुटेलच."

"मग सायेब, काल काय झालं असंल?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

खरं सांगते, मी तोंडाने चुरचुरीत बोलत होते पण आत हिशेब चालला होता. उरलेली निम्मी भेंडी फुलात होती. ती गेली की बाजार गेला, बाजार गेला की लहाणू पुन्हा भट्टीवर, त्याच्यामागे मी, माझ्यामागे पोरं. नुकसान नाही असं लिहून घेऊन गप्प बसले असते तर निदान निम्मी हाती लागली असती. पण वर लाकडं पडलेली होती. आज नाही तर उद्या ती याच वाटेने येणार होती. दरवेळी बांध फुटणार, दरवेळी मामा तो सांजेच्या आत बांधणार, आणि दरवेळी साहेब येऊन म्हणणार, बांध तर उभा आहे.

वर बैल हलले. साखळी वाजली. तेव्हा बघते तर मामा जाऊन बांधावर उभे.

"मामा, खाली या."

"मी हलणार नाय, चांगुणे. काल दिसभर घातलाय."

"तुम्ही परत घालाल. मी दगड देईन."

"म्हातारा झालोय मी. किती येळा घालू?"

"म्हणून तर म्हणते, उतरा. ह्या खेपेला फुटू द्या. सायबाच्या डोळ्यांदेखत फुटू द्या. मग परत कुणी फोडायची छाती करणार नाय."

ते उतरेनात. आमच्यात सून सासऱ्याचा हात धरत नाही, समोरून चालतसुद्धा नाही. मी बांधावर चढले आणि त्यांचा हात धरला. सालटं निघालेली बोटं माझ्या हाताला लागली. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं, मग मुकाट्याने खाली आले.

लाकूड कालच्यापेक्षा मोठं होतं. मुकादमाने बैल आवरून धरले होते, तो त्याच्या परीने जपून चालला होता. पण उतारावर सागाचा सोट निघाला की तो बैलाचंही ऐकत नाही आणि माणसाचंही नाही. बुडखा बांधाला लागला. क्षणभर वाटलं, धरला बांधाने. मामांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग मधला दगड निघाला, आणि मग सगळेच. पाणी सुटलं ते साहेबांच्या बुटांवरून गेलं. पोलीस पाटील मागे सरकता सरकता खाली बसले. भेंडी फुलांसकट आडवी झाली आणि लाकूड तिच्यावरून घसरत जाऊन गाडीवाटेला थांबलं.

पाणी तेवढं वाजत होतं.

ठोंबरेच पहिला बोलला. "ओला बांध होता साहेब. कालच घातलेला. मुरलेला असता तर काही झालं नसतं."

"कालच घातलेला," साहेब म्हणाले. "बरं. का घातला असेल काल?"

साहेबांनी चिखलात उभ्याउभ्याच वही उघडली. "तुमचं हे बोलणंही लिहितो."

पोलीस पाटील कपडे झटकत उठले. "सायेब, माझं पण लिहा. काल सकाळी असाच फुटला. मी वरच्या पायवाटेवर व्हतो. बघितला."

"मग आल्यापासून गप्प का होतात?"

पाटलांनी ट्रककडे बघितलं. "पोरगा हाय माझा तिथं," एवढंच म्हणाले.

लिहून झालं. सह्या-अंगठे घ्यायच्या आधी साहेबांनी वाचून दाखवलं. "पट्टेदार गोमा काथोड निरगुडा यांनी स्वतःच्या श्रमाने बांधलेला दगडी बांध लाकूड ओढताना समक्ष फुटला..."

"थांबा सायेब," मामा म्हणाले. "ते परत वाचा."

साहेबांनी पुन्हा वाचलं.

"सरकारी बांध नाय लिवला?"

"सरकारने कुठे बांधला? तुम्हीच बांधलात ना?"

"हा."

"मग तुमचा. म्हणून तर भरपाई तुम्हाला. जागा सरकारची, झाडं सरकारची. बांध तुमचा."

मामांनी अंगठा उठवला, तो नीट उठला की नाही हे वाकून बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणी बघितलं असतं तरी मला चाललं असतं. मी भेंडीसाठी भांडत होते, लहाणूसाठी, पोरांसाठी. मामा तेवढ्यासाठी उन्हात उभे नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

साहेब निघाले. मामा त्यांच्या मागे चार पावलं गेले. ओहोळातून पाणी फुकट चाललेलं, आणि त्यांना ते बघवत नव्हतं.

"सायेब, आता हात लावू का?"

साहेब थांबले. "लावा, आजोबा."

मामा तिथूनच वळले आणि गुडघाभर पाण्यात उतरले. मी दगड देत गेले. मुकादम बैल सोडून थोडा वेळ घुटमळला. तोही शेवटी आमच्यासारखाच गडी. त्याने दोन दगड आणून ठेवले आणि न बोलता निघून गेला.

राहिलेली सगळी लाकडं धारेच्या वाटेने गेली. भरपाई मिळेपर्यंत ठोंबऱ्याचे ट्रक नाक्यावर अडून राहिले, म्हणून ती मिळाली, नाहीतर अजून हेलपाटे घालत असते. त्यात बियाणं आलं आणि पाण्याचा पाइप आला. त्या साली बाजार काही साधला नाही. उशिरा लावलेली भेंडी घरात खाल्ली, शेजारी वाटली. लहाणू भट्टीवरून आला तेव्हा सगळं ऐकून म्हणाला, तू बांध फोडायला लावलास? मी म्हटलं, हो. तो जेवून उठला आणि बांध बघायला गेला.

दिवाळीच्या तोंडावर भट्टीचा मुकादम उचल घेऊन दारात आला, दरवर्षी यायचा तसा. लहाणू माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलणार तेवढ्यात मामा ओसरीवरून म्हणाले, "त्याला येळ नाय."

"का? असं काय काम काढलंय?"

"आमचा बांध उंच करायचाय," मामा म्हणाले.